शेवटची चिठ्ठी दोनदा!



मागच्या अंकात आपण सी भाषेतून फाइल उघडायची कशी आणि तिच्यात लिहायचं कसं ते पाहिलं. आज त्याच फाइलमधून वाचायचं आहे. तुम्ही म्हणाल, बाई, लिहिणं एक वेळ अवघड, पण लिहिलेलं वाचायला काय लागतंय? मलाही तसंच वाटत होतं. पण या वाचण्यानंच मला आमच्या सातवीच्या वर्गापुढे कान धरायला लावले. तीच गोष्ट आज सांगते.

आमच्या वर्गाची एक बचत बँक आहे. पत्र्याचा डबा, एक वही आणि एक मॅनेजर, एवढाच तिचा पसारा. दर शनिवारी मुलं दोन, पाच, दहा रुपये आणतात. मॅनेजर म्हणजे वर्गातलीच एक मुलगी. अक्षर मोत्यासारखं, हिशेब चोख आणि डब्याची किल्ली कायम गळ्यातल्या दोऱ्यात. वहीवर सगळं छान चाललं होतं. पण मला हौस आली. शाळेच्या संगणकावर मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. एका फाइलमध्ये ओळीनं हजेरी नंबर आणि रक्कम टाइप करायची; प्रोग्रॅम ती फाइल वाचून बेरीज सांगणार. पहिल्या शनिवारी मीच टाइप केलं. डब्यातले पैसे आणि पडद्यावरची बेरीज, पै न् पै जुळली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या शनिवारी मॅनेजर टाइप करायला बसली. २३ मुलं, २३ ओळी. प्रोग्रॅम म्हणाला, २३४ रुपये. डब्यात निघाले २१४.

तिनं पैसे तीनदा मोजले. बाकाखाली पाहिलं, दप्तर झटकलं. वीस रुपये काही सापडेनात. कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं, "संगणक कसा चुकंल? मोजणाराच चुकला आसंल." (मोठी माणसंसुद्धा हे वाक्य किती सहज बोलतात!) आणि खरं सांगते, मीही त्या मुलाला गप्प केलं नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी ती माझ्या टेबलाशी आली. घडी घातलेली वीसची नोट पुढं ठेवली. "आज्जीकडून आणलेत बाई. माझ्याकडूनच कुठंतरी पडले आसतील."

ती नोट मी डब्यात टाकली नाही. खणात ठेवली. वही कधी चुकली नव्हती आणि संगणक आल्याबरोबर दुसऱ्याच आठवड्यात पैसे कमी? त्या संध्याकाळी मी तीच यादी माझ्या हातानं नव्या फाइलमध्ये टाइप केली आणि प्रोग्रॅम चालवला. २१४! तिची फाइल चालवली. २३४! दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. ओळ न् ओळ सारखी. मी टाइप केलं की बरोबर आणि तिनं टाइप केलं की चूक. आता याला काय म्हणायचं?

एक गोष्ट मात्र डोळ्यात भरली. यादीतला शेवटचा, म्हणजे २३ नंबरचा मुलगा. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेला, म्हणून हजेरीपटावर अगदी तळाला. त्यानं त्या शनिवारी वीस रुपये भरले होते. फरकही वीसचाच!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, चला, आज नाटक करू.

भवानीनगरच्या मुलांना उसाच्या गाडीचा काटा सांगावा लागत नाही. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गाड्यांच्या रांगा रोजच दिसतात. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, चिठ्ठी मिळते. ऊस खाली झाला की रिकाम्या गाडीचं वजन, आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे ऊस. आम्ही फक्त भरलेल्या गाड्यांचं नाटक केलं. पाच मुलं झाली बैलगाड्या. एक मुलगा काट्यावरचा कारकून. त्याच्या हातात एक पाटी दिली आणि एक कागद. कागदावर माझा प्रोग्रॅम साध्या मराठीत लिहिला होता:

१. टेबलावर 'संपलं' अशी पाटी लागली आहे का पाहा. लागली असेल तर काम थांबव. नसेल तर पुढं जा.

२. "पुढची गाडी!" अशी हाक मार. गाडी आली तर तिचं वजन पाटीवर लिही. कोणीच आलं नाही तर टेबलावर 'संपलं' लाव.

३. हातातल्या पाटीवर जे वजन असेल ते बेरजेत मिळव.

४. परत पहिल्या सूचनेकडे जा.

अट एकच. कारकुनानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. संगणकाला डोकं नसतं, त्याला फक्त पुढची सूचना असते.

नाटक सुरू झालं. पहिली गाडी, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी गाडी होता आमचा २३ नंबरचा, दोन टनांची. कारकुनानं दोन लिहिले, बेरजेत मिळवले. परत पहिली सूचना. 'संपलं' लागलंय का? नाही, कुठं लागलंय? मग त्यानं हाक मारली, "पुढची गाडी!" कोणी आलं नाही. त्यानं 'संपलं' लावलं. आणि कागदावरची तिसरी सूचना वाचली. पाटीवर जे वजन असेल ते बेरजेत मिळव. पाटीवर काय होतं? पाचव्या गाडीचे दोन टन. पाटी कोणी पुसलीच नव्हती! त्यानं इमानदारीत दोन टन परत मिळवले, मग 'संपलं' पाहिलं आणि हात झटकून उभा राहिला.

"ओ, थांब की!" पाचवी गाडी ओरडली. "आमची गाडी एकदाच आली. वजन दोनदा लावलंस!"

"मग लेका, तुझ्या वडलांची चांदीच की!" कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसू लागला. मॅनेजर हसली नाही. तिनं हात वर केला. "बाई, म्हणजे ते वीस रुपये... शेवटच्याचे दोनदा धरले?"

हो. वीस रुपये कुठं पडलेच नव्हते. ते कधी आलेच नव्हते. मी खणातली नोट काढून तिच्या हातात दिली आणि वर्गासमोर दोन्ही कान पकडले. मुलांना याची इतकी मजा वाटली की अजून कोणी चुकलं की "बाईंसारखे कान धर" म्हणतात.

आता नाटकातली पात्रं सी भाषेत कोण कोण आहेत ते बघू. फाइल उघडतो तो एफओपन. "पुढची गाडी!" अशी हाक मारून दोन आकडे वाचून आणतो तो एफस्कॅनएफ. वाचलेला आकडा जिथं ठेवतो ती पाटी म्हणजे आपला व्हेरिएबल. आणि 'संपलं' लागलंय का हे विचारणारा तो एफईओएफ. यातला एफईओएफ नीट समजून घ्या, कारण कितीतरी जणांच्या वह्यांत तो चुकीच्या जागी बसलेला आहे. मीही एका जुन्या वहीतूनच तो उचलला होता. नावावरून वाटतं की तो फाइल संपत आली की सांगेल. तसं नाही. तो फक्त एवढंच सांगतो की मघाशी वाचताना आपण शेवटाला धडकलो होतो का. अजून धडकलोच नाही, तर तो बिचारा काय सांगणार? पुढं गाडी आहे का नाही हे त्याला दिसत नाही. हाक मारून गाडी आली नाही, म्हणजेच कळतं.

पण मग मी टाइप केलेली फाइल बरोबर कशी आली? हा प्रश्न मॅनेजरनंच विचारला, आणि तो तिचा हक्कच होता. याचं उत्तर शोधायला मला आणखी एक संध्याकाळ लागली. फरक होता एका एंटरचा!

ती नीटनेटकी मुलगी. प्रत्येक ओळ लिहून झाली की एंटर, शेवटच्या ओळीनंतरही एंटर. मी आळशी. शेवटची ओळ झाली की तशीच सोडून फाइल सेव्ह. आता एफस्कॅनएफ आकडा वाचतो तो एकेक अंक करून. दोन वाचला, शून्य वाचलं, पुढं आणखी अंक आहे का? हे पाहण्यासाठी त्याला एक पाऊल पुढं टाकावंच लागतं, नाहीतर वीस आहे का दोनशे हे कसं कळणार? तिच्या फाइलमध्ये पुढं एंटर भेटला. आकडा संपला, असं म्हणून तो तिथंच थांबला. एंटरच्या पलीकडं फाइल संपलीय हे त्यानं पाहिलंच नाही. म्हणून 'संपलं' लागलं नाही आणि एक हाक जास्तीची गेली. माझ्या फाइलमध्ये वीसच्या पुढं एंटर नव्हता. पाऊल टाकताच तो शेवटाला धडकला, 'संपलं' तिथल्या तिथं लागलं, बेरीज बरोबर. म्हणजे माझा प्रोग्रॅम चुकीचाच होता. माझ्या आळसानं ती चूक झाकली गेली आणि तिच्या टापटिपीनं उघडी पडली. युनिक्सच्या जगात तर मजकुराच्या फाइलची प्रत्येक ओळ, अगदी शेवटचीसुद्धा, एंटरनं संपवायची असाच रिवाज आहे. तिचं बरोबर होतं.

"मग बाई, मी शेवटी एंटर दाबू का नको?"

दाब. खुशाल दाब. प्रोग्रॅम मी बदलते.

बदल किती? एवढासाच. एफस्कॅनएफ काम करून परत येतो तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही. किती आकडे मिळाले तो आकडा सांगतो. आपण दोन मागितले आणि दोन मिळाले, तर तो 'दोन' म्हणतो. एकच मिळाला तर 'एक'. ओळीत आकडाच नाही, भलतंच काही आहे, तर 'शून्य'. आणि एकही आकडा मिळायच्या आत फाइलच संपली तर 'ईओएफ', म्हणजे एंड ऑफ फाइल. आजवर तो हे दरवेळी सांगत होता आणि मी ऐकत नव्हते! आता पहिली सूचना काढून टाकली. नवा कागद असा झाला: हाक मार, दोन आकडे मिळाले असं उत्तर आलं तरच बेरजेत मिळव, नाहीतर काम थांबव. बस्स. कारकुनाला हा कागद देऊन नाटक परत केलं. गाड्या पाच, वजनं पाच. मग एकही गाडी नसताना केलं. जुन्या कागदानं त्या वेळीही एक वजन लावलं असतं, पाटीवर आदल्या दिवसाचं जे काही राहिलं असेल ते. नव्या कागदानं शून्य आलं.

एफईओएफला हाकलून द्यायचं असं मात्र नाही हं. त्याची जागा शेवटी आहे. काम थांबलं, की मग त्याला विचारायचं, का रे थांबलं? फाइल खरंच संपली म्हणून, की मध्येच कुठं अडलं म्हणून? याचा उपयोग आम्हाला पुढच्याच शनिवारी झाला. ती गंमत सांगते, पण आधी 'स्ट्रीम' हा शब्द.

सी भाषा फाइलला स्ट्रीम म्हणते, प्रवाह. आपल्याकडं बारामती-इंदापूरच्या शिवारातून नीरा डावा कालवा जातो. कालव्यावरून चारी, चारीवरून पाट, आणि शेवटी तुमच्या रानात दारं धरून उभे असलेले तुमचे आजोबा किंवा काका. रात्रीच्या पाळीला त्यांना काय दिसतं? समोरून येणारं पाणी. कालव्यात मागं किती पाणी आहे, ते वरून कधी बंद होणार, हे दाऱ्यावर उभ्या माणसाला दिसत नाही. पाणी यायचं थांबलं की कळतं. प्रोग्रॅमचं तसंच आहे. त्याला फाइलही तशीच दिसते, कीबोर्डही तसाच. तुम्ही कीबोर्डवरून टाइप करताय, तेव्हा पुढची ओळ देणार का उठून जेवायला जाणार हे प्रोग्रॅमला आधी कसं कळेल? म्हणून सगळ्याच प्रवाहांना एकच नियम ठेवला: मागून बघा, मिळालं तर वापरा. फाइलची एक सोय मात्र कालव्याला नाही. रिवाइंड म्हटलं की फाइलचा प्रवाह पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. गेलेलं पाणी कोणी परत आणलंय?

आणि आणखी एक. आपण एकेक अक्षर मागतो, तेव्हा संगणक काही दरवेळी डिस्कपर्यंत धावत जात नाही. आई विहिरीवरून घागरी आणून रांजण भरून ठेवते आणि आपण तांब्यातांब्यानं पितो, तसं. एका फेरीत हजारो बाइट आणून तो एका जागी साठवतो आणि आपल्याला मागू तसे देतो. त्या रांजणाला बफर म्हणतात. लिहिताना उलटं होतं, रांजण भरला की मग डिस्कवर ओततात. म्हणूनच मागच्या अंकात मी एफक्लोज विसरू नका म्हणून बजावलं होतं. रांजणात पाणी असतानाच वीज गेली, तर ते डिस्कवर पोचलेलंच नसतं!

आता ती शनिवारची गंमत. मॅनेजर आजारी होती, म्हणून एका मुलानं यादी त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर टाइप करून आणली. प्रोग्रॅम आठ ओळी वाचून थांबला. एफईओएफला विचारलं, तर म्हणाला, नाही, फाइल संपलेली नाही. मग अडलं कुठं? नववी ओळ पाहिली. तिथून पुढं पठ्ठ्यानं कीबोर्ड मराठी करून आकडे मराठीत टाइप केले होते! एफस्कॅनएफला '९' आणि '१०' हे आकडे वाटतच नाहीत. तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. शंकेचं निरसन म्हणून आम्ही तीच फाइल मुद्दाम जुन्या प्रोग्रॅमला दिली. काय झालं असेल? तो नवव्या ओळीशी अडला, एक अक्षरही पुढं सरकला नाही. पुढं सरकला नाही म्हणून फाइल संपली नाही. फाइल संपली नाही म्हणून एफईओएफ म्हणाला, चालू द्या. आणि पाटीवर आठव्या ओळीचे पाच रुपये तसेच! पाच, आणखी पाच, आणखी पाच... पडद्यावर बेरीज धो धो वाहू लागली. मुलं बाकावर उभी राहून ओरडत होती, "बाई, बँक श्रीमंत झाली!" शेवटी कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागलं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग तुम्ही घरी करा. फाइलमध्ये एकच शब्द लिहा, भवानीनगर. एंटर नको. मग एफगेटसी वापरून एकेक करत मोजा. किती येतील? भ, वा, नी, न, ग, र, सहा म्हणाल. कोणी काना आणि वेलांटी वेगळी धरून आठ म्हणेल. प्रोग्रॅम म्हणेल २४! कारण एफगेटसी अक्षर वाचत नाही, बाइट वाचतो. फाइलमध्ये मराठी आजकाल साठवतात ती यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीनं, आणि तिच्यात आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन तीन बाइट घेते. आठ त्रिक २४. ही पद्धत १९९२ साली केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता जेवता ताटाखालच्या कागदावर आखली. सोबत रॉब पाइक होते. त्याच्या एक वर्ष आधी, १९९१ साली, भारतानं स्वतःचीही एक पद्धत प्रमाण ठरवली होती, इस्की नावाची. पुण्याच्या सी-डॅकनं ती बरीच रुजवली. तिच्यात 'भवानीनगर' आठ बाइटमध्ये मावायचं. जागा कमी लागायची हे खरं, पण सगळ्या जगाच्या लिप्या एका फाइलमध्ये सुखानं नांदतात त्या यूटीएफ-८ मुळंच.

एफगेटसीचीही एक खोड आहे. बाइटची किंमत शून्य ते २५५ यांतली कुठलीही असू शकते. मग 'संपलं' हे सांगायला उरलं काय? म्हणून तो त्या रांगेबाहेरचा आकडा देतो, बहुतेक ठिकाणी उणे एक. हे सगळं मावायला मोठा डबा लागतो, म्हणजे इंट. नवशिका काय करतो, अक्षरच वाचायचंय ना, मग कॅर हा छोटा डबा घेतो. छोट्या डब्यात कोंबल्यावर २५५ आणि उणे एक हे जुळे भाऊ दिसायला लागतात. मराठी कवितेची फाइल अशा प्रोग्रॅमनं झकास कॉपी होते, कारण यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधी येतच नाही. मग तोच प्रोग्रॅम घेऊन आपण सहलीचा जेपीईजी फोटो कॉपी करायला जातो. जेपीईजी फाइलचा पहिलाच बाइट असतो २५५! प्रोग्रॅमला वाटतं, संपलं. कॉपी झालेली फाइल शून्य बाइटची. काही यंत्रांवर तर उलटी तऱ्हा. तिथं छोट्या डब्यात उणे एक मावतच नाही, त्यामुळं कवितासुद्धा कधी संपत नाही.

हे सगळे नियम केले कोणी? सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवली, मुख्यतः १९७२ साली. आपल्याकडं बहात्तर म्हटलं की आजी-आजोबांना दुष्काळ आठवतो, खडी फोडायची कामं आणि खायला सुकडी. त्याच साली तिकडं ही भाषा आकाराला येत होती. १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांनी तिच्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात, कॉपी करायच्या प्रोग्रॅमपाशी, अक्षरासाठी इंट का घ्यायचं हे समजावून सांगितलंय. मी ते पान फार उशिरा वाचलं. माझं शिक्षण झालं ते आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर, अप्पा बळवंत चौकात जुनं घेतलेलं. पुस्तक इंग्रजीत असलं तरी बिचकू नका, भाषा सोपी आहे. पालकांनो, यासाठी महागडं काही लागत नाही. जीसीसी नावाचा सीचा कंपायलर फुकट मिळतो आणि जुन्यापान्या संगणकावरही चालतो. मुलांना चुका मात्र त्यांच्या त्यांना शोधू द्या.

आमच्या बँकेचं पुढं काय झालं? प्रोग्रॅम चालू आहे. मॅनेजरनं एक नियम नवा केलाय: वहीची बेरीज आणि संगणकाची बेरीज दोन्ही फळ्यावर लिहायच्या आणि मगच डबा उघडायचा. २३ नंबरचा मुलगा पट्टा पडला तेव्हा आईवडिलांबरोबर गावी गेला. जाताना त्याचे सगळे पैसे तिनं मोजून त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "परत एकदा मोज की. दोनदा धरलंस तर बरं होईल."

आता या आठवड्याचं कोडं. आमच्या वर्गातल्या तीन मुलींनी 'भवानीनगर' हा एकच शब्द फाइलमध्ये लिहिला आणि एफगेटसीनं, तेही मोठ्या डब्यात, बाइट मोजले. तिघींचे प्रोग्रॅम अगदी बरोबर होते. पहिलीचं उत्तर आलं २४, दुसरीचं २५ आणि तिसरीचं २६. तिघी तीन वेगळ्या संगणकांवर बसल्या होत्या. तिसरीचा संगणक विंडोजचा होता आणि तिनं एफओपनला फाइल उघडताना 'आर' न सांगता 'आरबी' सांगितलं होतं. प्रत्येकीनं शब्द लिहून झाल्यावर काय केलं असेल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर करून बघा.